तीनतालातला काटा

आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डावर तीन काटे आहेत. वेगाचा काटा साठच्या पुढे गेला की थरथर कापतो. डिझेलचा काटा गेली कित्येक वर्षं 'अर्धी' दाखवतो. टाकी काठोकाठ असो की कोरडी, त्याची समाधी मोडत नाही. तिसरा काटा इंजिनाच्या तापमानाचा. तोही वीस वर्षं गुमान मधोमध उभा होता. गेल्या एप्रिलमध्ये मात्र त्याला पालवी फुटली.

मार्केट यार्डात आलं उतरवून, परतीला पेंडीची पोती भरून वाईला निघालो होतो. शेजारी बायको, पुण्यातल्या डोहाळजेवणाला नेसलेल्या काठपदरातच. शिरवळपर्यंत काटा बरा होता. खंबाटकी घाटाच्या पहिल्या वळणावर तो लाल रेघेकडे झेपावला, वळण संपताच खाली आला, दुसऱ्या वळणावर पुन्हा वर. मी काट्याकडे बघत होतो, बायको रस्त्याकडे. खरं तर हे उलट असायला हवं होतं.

इंजिन तापलं तर हीटर पूर्ण सोडावा, असं कुठंतरी ऐकलं होतं. त्यात तथ्य आहे. हीटर म्हणजे केबिनमध्ये बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो आपल्या अंगावर घेतो, म्हणजे आपल्या अंगावर सोडतो. मी सोडला.

"हे काय लावलंत?"

"हीटर."

"एप्रिलात?"

"इंजिन गार होतंय त्यानं."

"या गाडीला एसी नाही आणि हीटर आहे," ती पदरानं मान पुसत म्हणाली, "माहेरी सांगायला बरं आहे."

वेळ्यात थांबून ती दोन उसाचे रस प्यायली आणि थंड डोक्यानं म्हणाली, "चहाचं आधण ठेवलं तरी दहा मिनिटं लागतात. तुमचं पाणी एका वळणात उकळतं आणि दुसऱ्यात निवतं? असं कुठं पाणी असतंय?" मी तिला इंजिनातलं काय कळतं, असा चेहरा केला. त्या चेहऱ्याची किंमत पुढं साडेचार हजार झाली.

पहिल्या फिटरनं बॉनेट उघडायच्या आधीच निदान केलं. "हेड उठलंय, मालक. गॅस्केट गेलंय." हेड गॅस्केट गेलं तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो, पाणी तेलात शिरतं, आणि तेलाची कॉफी होते. मी डिपस्टिक ओढून बघितली. तेल काळंकुट्ट होतं, कॉफीचा मागमूस नव्हता. "अजून झालं नसंल, होईल," त्यानं धीर दिला. दुसऱ्यानं रेडिएटर सोडवून रॉडिंग करून आणलं, म्हणजे नळ्यांत सळई घालून वर्षानुवर्षांच्या विहिरीच्या पाण्याचा क्षार खरवडला. बादलीभर निघालेला तो पांढरा चुरा बघून मलाच तहान लागली. तिसऱ्यानं वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलली, फॅन बेल्ट ताणला आणि रेडिएटरचं टोपण बदललं. टोपणावर ०.९ लिहिलेलं असतं. तेवढ्या दाबाखाली पाणी शंभरला न उकळता ११८ च्या आसपास उकळतं. कुकरचंच तत्त्व. "मग रिंग सैल झाली असणार," बायको म्हणाली. टोपणाची रबरी रिंग खरंच सैल होती. हा एकच माणूस न मागता बरोबर बोलत होता आणि नेमकं त्याचंच मी ऐकत नव्हतो.

आमच्या आबांनी अंगणातूनच तपासणी केली. "बैलाचं नाक ओलं असलं की बैल बरा. तुझ्या गाडीचं उलटं आहे. हिचं नाक ओलं दिसलं की समजायचं, आजारी." रेडिएटर कोरडा ठणठणीत होता. म्हणजे गळती नव्हती. आबांची फी लागली नाही.

चौथा म्हणाला, "व्हॉल्व्ह काढून फेकू. आपल्याकडं काय बर्फ पडतोय?" हा व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. तो फेकण्याची आपल्याकडं मोठी परंपरा आहे. पण तो असतो म्हणून इंजिन लवकर गरम होतं आणि योग्य तापमानाला राहतं. काढला तर ते कायमचं कोमट राहतं, डिझेल जास्त पितं आणि आतून झिजतं. मी व्हॉल्व्ह रुमालात बांधून घरी आणला.

पातेल्यात पाणी, पाण्यात दोऱ्याला लटकवलेला व्हॉल्व्ह, शेजारी खवा आटवताना वापरायचा थर्मामीटर, गॅस मंद. पितळी तबकडीवर ८२ कोरलेलं होतं. सत्तरला काही नाही. पंचाहत्तरला काही नाही. ऐंशी ओलांडले आणि तबकडीच्या कडेला केसाएवढी फट दिसली. मग ती हळूहळू, गोगलगायीनं शिंगं काढावीत तशी उघडत गेली. आतल्या डबीतलं मेण वितळून फुगतं आणि दांडा ढकलतं, एवढंच त्याचं यंत्र. वीज नाही, वायर नाही, वीस वर्षं. मी पातेल्यासमोर पाटावर बसून राहिलो. "हे पातेलं आता चहाला नाही," मागून आवाज आला.

व्हॉल्व्ह निर्दोष सुटला. तो परत बसवताना पाण्यात हवा अडकली, म्हणून गाडी चढावर तोंड करून लावली, इंजिन गार असताना टोपण काढलं आणि सुरू करून ठेवलं. रेडिएटरनं हुक्क्यासारखे गुडगुड बुडबुडे सोडले. पाणी ओतत गेलो. बुडबुडे थांबले. काटा थांबला नाही.

मग मी कोविडमधली कपाळाची तापमापक बंदूक इंजिनावर रोखली. ती 'हाय' म्हणाली. मला वाटलं ओळख दिली. माणसाच्या तापापुढं तिची झेप नाही, हे नंतर लक्षात आलं.

एक गोष्ट मात्र मी वहीत टिपून ठेवली होती. पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरलं की काटा वर, बाहेर पडलं की खाली. बोगद्यात गाड्यांची धग असते, असा मी अर्थ लावला होता. त्यावर फिटरांनीही माना डोलावल्या होत्या.

जूनमध्ये धाकटीला तबल्याच्या क्लासला सोडत होतो. चौकात डावीकडं वळायला इंडिकेटर दिला. ती डॅशबोर्डाकडे बघत मांडीवर बोटं वाजवत होती.

"बाबा, हा काटा तीनताल वाजवतोय."

"काय?"

"बघा ना. टिक, की वर. टिक, की वर. लय बरोबर धरलीय त्यानं."

इंडिकेटर बंद केला. काटा शांत. दिवे लावले. काटा वर. बंद केले. खाली. बोगद्यात धग नव्हती. बोगद्यात मी दिवे लावत होतो. दोष घाटातल्या वळणांचा नव्हता. वळणांवर मी इंडिकेटर देत होतो. सात-आठ लिटर पाणी कुणाच्या बापाच्यानं एका टिकीत तापत नाही. असं कुठं पाणी असतंय?

वायरमननं डॅशबोर्डाखाली मान घातली आणि दहा मिनिटांत ओरडला, "अर्थिंग गेलंय!" मीटरची, दिव्यांची आणि इंडिकेटरची परतीची वायर एकाच बोल्टाखाली बॉडीला कसलेली होती. त्या बोल्टाखाली गंज. दिवे लागले की त्यांचा करंट तिथंच अडखळायचा आणि शेजारच्या काट्याला धक्का द्यायचा, एसटीच्या दारात होतं तसं. बोटभर पॉलिश पेपरनं जागा घासली, बोल्ट कसला, वर थोडं ग्रीस. शंभर रुपये. त्यातले पन्नास चहाचे.

आता काटा मधोमध उभा असतो. इंडिकेटर द्या, दिवे लावा, हलत नाही. एवढा हलत नाही, की मला शंका येते. घाटात मी काचेवर बोटानं टकटक करतो, झोपलाय की गेलाय ते बघायला. परवा तर खात्री असावी म्हणून हीटरकडे हात गेला. तिथं नुसता दांडा होता. खटका बायकोनं उपटून पर्समध्ये ठेवलाय.