तोंड वेगळं मिळेल

सासूबाई: जावईबापू, हिला तोंड नाहीये.

जावई: नसणारच, आई. तोंड दुसऱ्या सेलवर असतं.

सासूबाई: आणि तो सेल कुठाय?

जावई: गेला असेल कुणाकडे तरी.

सासूबाई: म्हणजे चेहरा इथे निशी-कासाईत आणि तोंड ओसाकात?

जावई: अहो, ॲनिमेशनमध्ये पात्र बोलतं तेव्हा ओठच तेवढे हलतात. मग अख्खा चेहरा पुन्हा पुन्हा कशाला रंगवायचा? चेहरा एका सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या तावावर, ओठांचे आकार वेगवेगळ्या सेलवर. एकावर एक ठेवायचे, खाली पार्श्वभूमीचं चित्र, की घेतला फोटो.

सासूबाई: एवढी हुशार माणसं, पण विकताना जोडी लावायचं सुचलं नाही.

जावई: नाकानो ब्रॉडवेच्या दुकानात तोंडासकट होता एक. पण तिप्पट किंमत.

सासूबाई: आणि हा?

जावई: चाळीस हजार येन.

सासूबाई: तोंडावाचून?

जावई: डोळे उघडे आहेत ना! मिटलेले असते तर निम्म्यात मिळाला असता. पाठमोरी असती तर आणखी स्वस्त.

सासूबाई: मग पाठमोरीच आणायची. मागून बघितलं तर तोंड कुणालाच नसतं.

जावई: थट्टा करा. पण ‘सेलर मून’ मालिकेचा अस्सल सेल आहे. नव्वदच्या दशकात खरोखर कॅमेऱ्याखाली गेलेला.

सासूबाई: किती वेळ गेला?

जावई: ओठ हलत होते तोवर हा तसाच राहिला, म्हणजे चांगला दोन सेकंद! नाहीतर सेकंदाला चोवीस फ्रेम, एक चित्र तीन फ्रेम धरलं तरी एकेकाच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग.

सासूबाई: सेकंदाला वीस हजार. तेही मुके. त्यापेक्षा परवा लेकीनं दाखवला त्या सिनेमातलं काही घ्यायचं होतंत, आईबापांची डुकरं होतात तो.

जावई: ‘स्पिरिटेड अवे’? तो 2001चा. त्याचे सेल नाहीतच, रंगकाम सगळं संगणकावर. त्याच जिबली स्टुडिओच्या 1997च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’ला जवळजवळ 1 लाख 44 हजार सेल लागले होते. दोनच वर्षांत तिथलं हातानं रंगवणं बंद. ‘साझाए-सान’ या मालिकेनं 2013पर्यंत तग धरला, बस्स. आता नवे होणार नाहीत, म्हणून तर भाव.

सासूबाई: मग लावा की भिंतीवर.

जावई: छे! उजेडानं रेघा पुसट होतात. कपाटात, अंधारातच ठेवायचे.

सासूबाई: तरीच कपाटाला आंबूस वास येतोय. मी म्हटलं काहीतरी सांडलं.

जावई: कुठल्या खणाला? आई, कुठल्या खणाला? सेलचं ॲसिटेट कुजायला लागलं की तसा वास सुटतो. एकाला लागलं की शेजारच्यांनाही... अहो, तो सेल उलटा करू नका! मागे बोट लावू नका, रंग मागूनच भरलेला असतो.

सासूबाई: बोट नाही लावत, बघतेय. रेघेच्या बाहेर कुठे म्हणून गेला नाही रंग. कुणी भरलाय?

जावई: रंग भरणारा विभाग वेगळा असायचा. बहुतेक बायकाच. कित्येकजणी घरी काम न्यायच्या. क्योटो ॲनिमेशन हा एवढा मोठा स्टुडिओ, त्याची सुरुवातच योको हात्ता आणि शेजारपाजारच्या गृहिणींनी अशी रंगकामं घेऊन केली, 1981 साली.

सासूबाई: पैसे नगावर?

जावई: बऱ्याच ठिकाणी नगावरच.

सासूबाई: मीही साड्यांना फॉल लावायचे. नगावर. रात्री दीड वाजता आठवी साडी घेतली की पाठ काय म्हणते ते मला विचारा. हा रंगवणारीचं नाव कुठे लिहिलंय?

जावई: सेलवर नाव नसतं. क्रमांक असतो. हा बघा, ए-3.

सासूबाई: चाळीस हजारांतले तिला किती?

जावई: तिला आता कुठून मिळणार, आई? काम झाल्यावर स्टुडिओ हे सेल कचऱ्यात टाकायचे, नाहीतर चाहत्यांना फुकट वाटायचे. आमच्यासारख्यांनी जपले म्हणून राहिले तरी!

सासूबाई: जपलेत ते तुमच्या कपाटात. दाखवायला काढत नाही, भिंतीला लावत नाही, आणि आवाज माझ्यावर चढवता.

जावई: आवाज नाही चढवला. पण मी काय चोरी केलीय का? बाजारभावानं घेतलाय.

सासूबाई: मी कुठे चोरी म्हटलं? तेव्हा तिला एका सेलचे किती मिळायचे, एवढंच विचारतेय.

जावई: त्याची नोंद कोण ठेवतो?

सासूबाई: आणि दुकानदाराला दिलेत त्याची?

जावई: त्याची पावती आहे.