धक्क्यापर्यंतचे अण्णा

सिंगापूरहून क्रूझला निघालेल्या प्रत्येक मराठी ग्रुपमध्ये एक अण्णा असतात. गाव ठाणे असो, नाशिक असो की सांगली, माणूस तोच. ओळखायची खूणही सोपी. बोट सुटायला अजून दोन दिवस असतात. बाकीची मंडळी मर्लायनच्या तोंडून पडणारं पाणी ओंजळीत झेलल्याचे फोटो काढत असतात आणि अण्णा हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारत असतात, "इथं जवळपास लाँड्री कुठं आहे हो?"

मर्लायन त्यांनी पाहिलेला असतो. टूर मॅनेजरनं सांगितलं, की १९७२ साली बसवलेला हा पुतळा साडेआठ मीटरहून उंच आहे. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची शंका एकच होती, "हे पाणी पुन्हा वर चढवतात, की असंच वाहून जातं?" समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तेव्हा अण्णांच्या लेखी मर्लायन संपला आणि कामं सुरू झाली.

इतरांना क्रूझ म्हणजे सुट्टी वाटते. अण्णांना ती मार्चअखेर वाटते. जमिनीवरची सगळी खाती मिटवूनच माणसानं पाण्यावर जावं, असं त्यांचं मत. कपडे धुतलेले, नखं कापलेली, केस बारीक केलेले, औषधं दिवसवार पुड्यांत बांधलेली. "एकदा बोट सुटली की मागे वळून बघता येत नाही," हे ते अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला आपण पेनांग-फुकेतला चाललोय की अंदमानला काळ्या पाण्यावर, असा प्रश्न पडावा.

बोटीवर कपडे धुऊन मिळतात, पण दर नगावर. ते दरपत्रक अण्णांनी घरूनच छापून आणलेलं. "एका बनियनच्या धुलाईत मुस्तफाच्या दुकानात नवं बनियन येतं," हा त्यांचा हिशेब. म्हणून लिट्ल इंडियातलं नाण्यांवर चालणारं धुलाईकेंद्र त्यांनी शोधून काढलं. मशीनला एक डॉलरची नाणी लागतात आणि अण्णांकडे सगळ्या नोटा. सुटे करायला समोरच्या टपरीवर चहा घेणं आलं. एक नोट, एक चहा, थोडी नाणी. धुवायचे एवढे, वाळवायचे एवढे, असं करता करता चार चहा पोटात गेले. त्या रात्री अण्णांना झोप लागली नाही. ते मात्र दोष देतात विमान प्रवासाला.

मशीन फिरू लागलं की अण्णा समोरच्या बाकावर बसतात आणि त्या गोल काचेकडे बघत राहतात. अख्ख्या सहलीत त्यांच्या चेहऱ्यावर एवढी तृप्ती दुसरीकडे कुठंच दिसत नाही. हॉटेलच्या बाथरूममध्ये कपडे वाळवायचा प्रयोग आदल्या रात्री फसलेला असतो. विषुववृत्त इथून जेमतेम दीडशे किलोमीटर. हवेत इतका ओलावा, की रुमालसुद्धा आषाढातल्या कोकणासारखा दमट राहतो. मग इथली माणसं कपडे वाळवतात कसे? अण्णांनी शेजारच्या तमिळ आजींना खुणांनी विचारलं. आजींनी बोट वर केलं. समोरच्या सरकारी इमारतीच्या दहाव्या मजल्यावर खिडकीबाहेर आडव्या बांबूंवर लुंग्या, चादरी, शाळेचे गणवेश ओळीनं लटकत होते. अण्णांनी सिंगापुरात मनापासून काढलेला फोटो हाच. मरीना बे सँड्सचा त्यांच्याकडे एकही नाही.

त्यानंतर इस्त्री. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड या वस्तू आगीच्या भीतीनं बोटीवर नेऊ देत नाहीत. सामानाच्या तपासणीत सापडल्या तर काढून घेतात. ग्रुपमधल्या अनेकांना हे धक्क्यावर कळतं, अण्णांना ते तिकीट काढायच्या आधीपासून माहीत. त्यामुळे हॉटेलच्या खोलीतल्या इस्त्रीवर रात्री अकरापर्यंत काम चालतं. कॅप्टनबरोबरच्या औपचारिक जेवणाची पँट कडक करून, घडी घालून गादीखाली जाते. पोह्यांसाठी घरून आणलेली किटली हॉटेलात ठेवायला दिली जाते आणि तिची पावती घेतली जाते. हॉटेलात अशी पावती देण्याची पद्धत नसते. अण्णांसाठी सुरू होते.

मुस्तफा सेंटरला सगळेच जातात. मंडळी चॉकलेटं, अत्तरं, घड्याळं घेतात. अण्णा लेंग्याची नाडी, सेफ्टी पिना, स्टेपलर आणि तीन चौकोनी पायांच्या सॉकेटचा अ‍ॅडॅप्टर घेऊन बाहेर येतात. अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, हातातल्या पिशवीत अत्तराची एकच बाटली असते आणि तिच्या वजनाची नोंद झालेली असते. स्टेपलर कशाला? बॅगांचे टॅग घरी छापून, घडी करून, बॅगेच्या मुठीला स्टेपल करायचे असतात. त्या वेळी टूर मॅनेजरही अण्णांकडे स्टेपलर मागतो. अण्णा देतात, पण समोर उभे राहून.

एकाच कामानं त्यांना हरवलंय. सिंगापुरात शिरण्याआधी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. बोट पेनांग, फुकेत करून परत सिंगापुरातच येणार, म्हणजे ते पुन्हा भरायचं. आणि ते येण्याच्या तीन दिवस आधीपासूनच भरता येतं, त्यापूर्वी नाही. म्हणजे भर समुद्रात, जिथं इंटरनेटचे वेगळे पैसे पडतात. आधी करताच येत नाही असं एक काम जगात आहे, या जाणिवेनं अण्णा दोन रात्री अस्वस्थ.

धक्क्यावर मोठ्या बॅगा आधीच घेतात. त्या केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होते. बाकीच्यांच्या बॅगेत रक्तदाबाच्या गोळ्या, चार्जर आणि पोहण्याचे कपडे निघून जातात. अण्णांच्या खांद्यावरच्या शबनममध्ये हे सगळं असतं, शिवाय बोट लागली तर म्हणून आवळासुपारी.

वर गेल्यावर सुरक्षेची कवायत असते. कॉस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझबोट २०१२ साली इटलीजवळ खडकावर आपटली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला आणि बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ती घेणं सक्तीचं झालं. हे सगळं अण्णा बुफेच्या रांगेतल्या लोकांना सांगतात. लोक पनीर वाढून घेतात. लाइफ जॅकेटची शिट्टी नेमकी कुठं अडकवलेली असते, हे ग्रुपमध्ये फक्त अण्णांना माहीत असतं.

आणि मग खरी पंचाईत सुरू होते. बोटीवर कामच नाही. जेवण तयार, अंथरूण तयार, केबिन सांभाळणारा मुलगा रोज येऊन चादर ताणून जातो. अण्णा तो यायच्या आत स्वतःच चादर ताणतात. तो आल्यावर ती काढून पुन्हा घालतो. दोघंही एकमेकांना हसून नमस्कार करतात आणि कुणीच मागे हटत नाही.

"अहो, बसा जरा," काकू डेकवर म्हणतात.

"बसलोय की."

"मनानं बसा."

मनानं बसणं अण्णांच्या यादीत नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी उतरताना अंगावर घालायचे कपडे तेवढे मागे ठेवायचे. अण्णा जेवणाच्या टेबलावर हे दोनदा सांगतात आणि नेहमीप्रमाणे सगळे हसतात. सकाळी सहाला दारावर टकटक होते. मुस्तफामध्ये नाडीवरून सर्वांत मोठ्यानं हसलेले गृहस्थ चट्ट्यापट्ट्याच्या हाफ पँटवर उभे. बॅगेबरोबर सगळ्या पँटी गेल्या.

अण्णा एक अक्षर बोलत नाहीत. शबनममधून जादाची पँट काढून देतात. कंबर मोठी पडते, तेव्हा सेफ्टी पिनाही देतात.

गृहस्थ गेल्यावर काकू म्हणतात, "घ्या, शेवटी तुमच्यासाठी काम निघालंच."

"एक नाही, दोन," अण्णा वही उघडत म्हणतात. "ती परत मागायची, आणि मग धुवायची."