मावशीची चावट पुस्तकं

आमची मावशी बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाली. आता ती चावट पुस्तकं वाचते. लपूनछपून नव्हे. दुपारच्या चहाला, दुधाचा हिशेब सांगावा तितक्या कोरड्या आवाजात कथानकही सांगते.

"अरे, ती मुलगी तीस वर्षांची. आकड्यांत वाघीण, पण पुरुष जवळ आला की घाम फुटतो. चुंबन म्हटलं की तिला शार्कचे दात साफ करणारे मासे आठवतात! मग काय, पैसे देऊन शिकवणी लावली."

पुस्तक हेलन होआंगचं, 'द किस कोशंट', 2018 सालचं. शिकवणीचे मास्तर म्हणजे एक देखणा एस्कॉर्ट. विद्यार्थिनी स्टेला धड्यांची यादी घेऊनच येते, पुढे टिक करायला चौकोन. त्या चौकोनांवर मावशी फिदा. "आमच्याकडे इन्स्पेक्शनलासुद्धा कुणी एवढी तयारी केली नाही."

स्टेला ऑटिस्टिक आहे. मी तोऱ्यात मराठी प्रतिशब्द पुरवला, स्वमग्न. मावशी उसळली. "स्वतःत मग्न? ती दर पावलाला समोरच्याला विचारते! स्वमग्न तुझे काका होते, पेपर वाचताना."

मावशीचं चावट पुस्तकांतलं शिक्षण जुनं. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' 'रंभा'च्या 1962च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. "कोर्टाने सोडलं, आईने नाही," मावशी म्हणते. काकोडकर तिने खाकी कव्हर घालून वाचले, वर 'भूमिती' लिहून.

तेव्हाच्या नायिका पदराशी चाळा करायच्या, नायकाने तो ओळखायचा, तो नेमका चुकीचा ओळखायचा, आणि त्या गैरसमजावर दीडशे पानं निघायची. इथे डोळ्यांतलं वाचताच येत नाही म्हणून तोंडाने विचारावं लागतं. दिवा चालू की बंद? इथे हात चालेल? नको असेल तर कसं सांगशील? ऐकायला खातं उघडायचा फॉर्म, पण वाचताना कान तापतात. बायकांना या पुस्तकांत काय गोड लागतं, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच. निम्मा चावटपणा त्या विचारण्यातच आहे. (कांदेपोह्यांना आपणही ढीगभर प्रश्न विचारतो. पगार, गोत्र, स्वयंपाक. हात कुठे चालेल, हे नाही.)

'द रोझी प्रोजेक्ट'मधला प्राध्यापकही बायको शोधायला प्रश्नावली काढतो. मावशीचा निकाल: "प्रश्न छान, पण लेखक ऐन वेळी दार लावून घेतो." तालिया हिबर्ट दार लावत नाही. तिच्या 2021च्या 'ॲक्ट युअर एज, ईव्ह ब्राऊन'मध्ये नायिका नोकरीच्या मुलाखतीत फटकारणाऱ्या मालकालाच मोटारीने धडक देते आणि मग त्याच्याच लॉजवर स्वयंपाकीण होते. दोघंही ऑटिस्टिक, दोघंही आपापल्या जागी हट्टी, आणि शेवटी कुणीही 'बरं' होत नाही. हिबर्ट स्वतः ऑटिस्टिक आहे. होआंगला तर ते 2016 मध्ये, 'द किस कोशंट'च्या तयारीच्या काळात कळलं. माणूस आपल्याच घरातली खोली दाखवतोय, हे मावशीला लगेच कळतं.

कळायला कारण आहे. भातावर आमटी सांडली तर मावशी ताट बदलते. लग्नाच्या हॉलमध्ये बँडपासून सर्वांत लांबची खुर्ची तिची. नवा कपडा आला की आधी मानेमागचं लेबल कापायचं, मग नेसायचं-घालायचं. आम्ही तिला चाळीस वर्षं तिरसट म्हटलं. परवा ती किंडलवर बोट ठेवून म्हणाली, "हे बघ, हिलाही शिवण टोचते." मी भीत भीत विचारलं, डॉक्टरांना विचारायचं का? "मला लेबल नको. ब्लाऊजला नको, मलाही नको. पुढचा भाग डाउनलोड कर."

आता तिच्या भजनी मंडळातल्या चौघी याच वाटेला लागल्या आहेत. या पुस्तकांची मुखपृष्ठं कार्टूनसारखी गोडगोड असतात. एकीने नातीसाठी म्हणून घेतलं, आणि ते नातीपर्यंत अजून पोचलेलं नाही.

अडचण एवढीच, की किंडलचं खातं माझ्या नावावर आहे. माझ्या फोनवर काय काय दिसतं ते बायकोने पाहिलंय, ऑफिसातल्या दोघांनीही पाहिलंय. तेव्हा इथे जाहीर करतो, ती सगळी पुस्तकं मावशीची आहेत. 63 टक्क्यांवर थांबलेलं एक तेवढं माझं.