पिठल्याचा जमाखर्च

फिलाडेल्फियानजीक,
मे अखेर

तीर्थस्वरूप आण्णांच्या चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. कालव्याच्या आवर्तनाचे आणि त्यापायी बांधावर झालेल्या बोलाचालीचे वर्तमान सविस्तर कळले. इकडे नळाला अष्टौप्रहर पाणी असल्याकारणाने शेजाऱ्याशी बोलण्याचा प्रसंगच येत नाही, ही या देशाची एक उणीवच म्हणावी लागेल.

नात शाळेत काय करते, असे आपण पुसले होते. ती सांप्रत खजिनदार आहे. येथील एका अन्नछत्राच्या मदतीसाठी तिच्या शाळेतील विद्यार्थ्यांनी नाना देशांचा सांस्कृतिक मेळा भरविण्याचे योजिले, समित्या नेमल्या, पोटसमित्या नेमल्या, आणि ज्या वयात माझे अर्थशास्त्र आपल्या सदऱ्याच्या खिशातील सुट्या नाण्यांपलीकडे गेले नव्हते, त्या वयात ही मुलगी दाराशी टेबल मांडून आत येणाऱ्या प्रत्येकाकडून दोन डॉलर वसूल करू लागली. आपल्या कासुर्डी गावाचे नाव परमुलखातील माणसाने ऐकलेले असलेच तर ते तेथल्या एकेकाळच्या टोलनाक्यामुळे. रक्ताचा गुण समुद्र ओलांडूनही जात नाही, असे मी म्हणालो, ते आपल्या सूनबाईंस रुचले नाही.

आपल्यातर्फे पिठले-भाकरीचा गाळा मांडावा, हा ठराव नातीने घरात एकमताने, म्हणजे तिच्या एकटीच्या मताने, मंजूर करून घेतला. मला मात्र पेच पडला. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी यवतला मुक्कामास उतरते, काळभैरवनाथाच्या देवळात काहिलींतून पिठले रटरटते, घरोघरून भाकऱ्यांच्या पाट्या येतात, हजारो वारकरी जेवून उठतात, आणि तेथे कोणी कोणाकडे एक पावली मागितल्याचे मी कधी पाहिले नाही. तेच पिठले तीन डॉलरला विकायचे म्हणजे मनाला कसेसेच वाटू लागले. गाणे विकावे, नाटक विकावे, 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले 'संयुक्त मानापमाना'त एकत्र उभे राहिले, तेव्हा लोकांनी चढ्या दराने तिकिटे घेतली आणि त्यात कोणाला काही वावगे दिसले नाही, पण अन्न? ही बाजू मी पुष्कळ गांभीर्याने मांडली. खजिनदारांनी दोन प्रश्नांत तिचा निकाल लावला. सोलापूर रस्त्यावरचे ढाबे पिठले फुकट देतात काय, हा पहिला. आणि पंडिता रमाबाईंचे काय, हा दुसरा.

हे दुसरे शस्त्र तिच्या हाती मीच दिलेले. आनंदीबाई जोशी याच फिलाडेल्फियात 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून आल्या, आणि पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ या मुलखात व्याख्याने देत, आपले इंग्रजी पुस्तक विकत त्यांनी निधी जमविला. 1887 साली बोस्टनला त्यांच्या नावाची मंडळी निघाली, तिने दहा वर्षे खर्च सोसण्याचे पत्करले, आणि 11 मार्च 1889 रोजी, तारीख पाहा, तीच, मुंबईत शारदासदन उघडले. ते कार्य मुंबईहून पुण्यास आणि पुण्याहून केडगावास गेले, म्हणजे आपल्या यवतहून गाडीत बसले की खुटबावच्या पुढचे स्टेशन! "इथले पैसे तिथे चालले, मग तिथले पिठले इथे का नाही चालणार?" एवढे बोलून ती तिकिटे कातरावयास बसली.

मेळ्याच्या दिवशी खरी परीक्षा पिठाने घेतली. इकडच्या दुकानात ज्वारीचे पीठ मिळते, पण ते कोणत्या सुगीचे हे दुकानदारासही ठाऊक नसते. विरी गेलेले ते पीठ आधणाच्या पाण्यात मळूनही काठवटीत फुटत होते, आणि सूनबाई कडेने बोटे फिरवीत, फुटेल तेथे पाण्याचा हात लावीत, त्याला कसेबसे गोल ठेवीत होत्या. हे कौतुक पाहत उभ्या राहिलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आपणांसही थापून पाहता येईल काय, असे अदबीने विचारले. सूनबाई हो म्हणण्यापूर्वीच फलकावर नवी ओळ उमटली: खाण्यास तीन डॉलर, थापण्यास दोन. पाहता पाहता रांग लागली. त्या गृहस्थांची भाकरी तव्यावर जाता जाता मधोमध दुभंगली, तेव्हा एकीच्या दोन झाल्या म्हणून त्यांनी टाळ्या पिटल्या. अशा थापल्या गेलेल्या आणि कोणीही न खाल्लेल्या भाकऱ्या मी पुढे आठवडाभर दुधात कुस्करून संपविल्या. त्यांचा आकार मात्र विसरता आला नाही.

रात्री कीर्द लिहिली गेली. एकतीस ताटांचे 93 डॉलर, सत्तेचाळीस थापणाऱ्यांचे 94. खाणाऱ्यांपेक्षा थापणारे एका डॉलरने भारी ठरले. डाळीचे पीठ, तेल, कांदे, मिरच्या यांपायी माझे 71 डॉलर गेले होते; पण पावत्या मी कचऱ्यात टाकल्या असल्याने ती रक्कम खर्ची पडली नाही, आणि सूनबाईंच्या मजुरीला तर रकानाच नव्हता. प्रवेशाचे दोन आणि ताटाचे तीन डॉलर माझ्याकडूनही घेतले गेले, हे ओघानेच आले.

आता नातीचा आपणांस एक अर्ज आहे. यवतच्या पिठल्याला डाळीचे पीठ किती पोती लागते, ते कोण देते, भाकऱ्या कोण मोजते, आणि हा जमाखर्च कोणाच्या वहीत असतो, याचा तिला लेखी खुलासा हवा आहे. अशी वहीच नसेल, असे मी म्हणालो, तर मग शिल्लक कशी जुळते, असे तिने विचारले. मला उत्तर सुचले नाही. आपण यवतला जाल तेव्हा चौकशी करावी.

आईस नमस्कार. कोणी इकडे येणारे असेल तर नव्या ज्वारीचे दोन किलो पीठ धाडावे, आणि गिरणीवाल्याची पावती अवश्य जोडावी, एरवी ते जमेस धरले जाणार नाही.

आपला आज्ञाधारक