लागेल कधीतरी

टिश्यू पेपरचा रोल संपला की आतली पुठ्ठ्याची नळी आमच्या घरात कोणी टाकत नाही. ती आधी डोळ्याला लावून बघितली जाते, मग तोंडाला लावून तिच्यातून एक हाक मारली जाते आणि 'लागेल कधीतरी' म्हणून ती पलंगाखालच्या खोक्यात जाते. त्या खोक्यात नव्या शर्टाच्या पाठीमागून निघालेले पुठ्ठे आहेत, मिठाईच्या डब्यांतले सोनेरी कागद आहेत, औषधाच्या बाटल्यांची टोपणं आहेत, मोडक्या छत्रीच्या काड्या आहेत आणि लग्नपत्रिका आहेत. हल्लीच्या पत्रिकांचा कागद असा जाड आणि राजेशाही की आत जेवण काय असेल याचा अंदाज नुसत्या पत्रिकेवरून यावा. अडचण एवढीच की प्रत्येक पत्रिकेवर गणपती असतो आणि गणपतीला कात्री लावलेली सासूबाईंना चालत नाही. म्हणून गणपती तेवढे अलगद सोडवून एका पाकिटात ठेवायचे आणि उरलेली पत्रिका वापरायची, अशी तडजोड झाली आहे. पाकीट फुगत चाललंय. त्याचं पुढे काय करायचं हे विचारायची हिंमत घरात कुणाला नाही.

हा सगळा संसार शाळेच्या प्रकल्पांसाठी. थोरली सातवीत, धाकटा चौथीत. पुण्यात राहत असल्यामुळे अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी हाताशी आहेत, म्हणजे दिवसाउजेडी आहेत. प्रकल्प मात्र दिवसाउजेडी कळत नाही. तो कळतो रात्री, भांडी घासून ओटा पुसून झाल्यावर, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. 'पालकांना आठवण, उद्या सर्व विद्यार्थ्यांनी निळी कार्डशीट, कापूस आणि चार आइसक्रीमच्या काड्या आणाव्यात.' आठवण! पहिल्यांदा कधी सांगितलं होतं ते धाकट्याला विचारावं तर तो म्हणतो, "अगं, सोमवारीच सांगितलं होतं, पण तेव्हा तू फोनवर होतीस."

मग ग्रुपवर बाजार भरतो. कुणाकडे निळी जास्त आहे का? आकाशी चालेल का? निळीच पाहिजे, समुद्र निळा असतो ना? नाही हो, आमच्या बाईंनी आकाश म्हटलंय. कापूस म्हणजे वातीचा की मेडिकलमधला? एवढ्यात कुणाचे तरी आजोबा गुलाबाच्या फुलासह 'शुभ रात्री' पाठवतात आणि निळी कार्डशीट असलेल्या एकमेव बाईंचा मेसेज वर निघून जातो.

साठा करण्याची सवय लागते ती या रात्रींमुळे. आणि साठ्याचा नियम असा, की घरात जे आहे ते शाळेला कधीच लागत नाही. आमच्याकडे लाल, पिवळी, नारिंगी, जांभळी अशी सगळी कार्डशीट आहे. सोनेरी तर दोन छटांची आहे. निळी आणली की पुढचे सगळे प्रकल्प झाडांवर येतात. हिरवा क्रेप आणून ठेवला की शाळा अंतराळात जाते. 'वाहतुकीची साधने' हा छापील तक्ता दरवर्षी नवा घ्यावा लागतो, कारण दरवर्षी त्यातलं एकच चित्र हवं असतं आणि ते आगगाडीचं असतं. आमच्या घरी बैलगाड्या, विमानं आणि होड्या इतक्या आहेत की एखाद्या लहान संस्थानाची सोय होईल. आगगाडी एकही नाही.

सोसायटीच्या फाटकासमोरचे स्टेशनरीवाले काका या बाबतीत शिक्षण खात्याच्या पुढे आहेत. मी दुकानाची पायरी चढायच्या आतच ते म्हणतात, "चौथी ना, ताई? सौरमाला. थर्माकोलचे बॉल संपले, आत्ताच शेवटचं पाकीट गेलं. पण सातवीसाठी ज्वालामुखीचा लाल रंग ठेवलाय तुमच्यासाठी." थोरलीला ज्वालामुखी करायचा आहे हे मला त्यांच्याकडून कळतं. सोडा आणि व्हिनेगर मिसळलं की फेस का येतो हेही त्यांना ठाऊक आहे. कार्बन डायऑक्साइड, म्हणाले, आणि वर पुडीत लाल रंग बांधून दिला. पालकसभा या दुकानात भरवली तर निम्मा वेळ वाचेल असं माझं प्रामाणिक मत आहे.

सौरमालेविषयी जरा सविस्तर सांगायला हवं. सूर्य एक आणि ग्रह आठ, म्हणजे गोळे नऊ. दुसरीकडे मिळालेल्या पाकिटात निघाले दहा. २००६ साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठवलं. आमच्या घरात तो तेव्हापासून नाही, पण या पाकिटापासून खोक्यात आहे. धाकट्याला सगळं अगदी प्रमाणात हवं होतं. त्याने पृथ्वी सूर्यापासून एका वितीवर ठेवली. नेपच्यून पृथ्वीच्या सुमारे तीस पट लांब असतो. वितीवर विती घालत आम्ही हॉलमधून निघालो, दार उघडलं आणि नेपच्यून शेजारच्या काकूंच्या चपलांच्या स्टँडवर आला. काकूंनी विचारलं, "याला पाणीबिणी घालायचं का?" शेवटी सगळे ग्रह एका काळ्या पुठ्ठ्यावर दाटीवाटीने बसवले, जसे प्रत्येक शाळेत बसवतात.

रंगवायचं काम माझ्या भावाने स्वतःहून अंगावर घेतलं. तो इंजिनिअर आहे. ब्रशने काय रंगवत बसायचं म्हणून त्याने गाडीच्या ओरखड्यांवर मारायचा स्प्रे आणला आणि गच्चीवर जाऊन गुरूवर एक लांब फवारा मारला. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यात जवळजवळ सगळी हवाच भरलेली, आणि अशा स्प्रेमधल्या द्रावकात ते बर्फीसारखं विरघळतं. आमच्या डोळ्यांदेखत गुरूला आधी देवीचे व्रण आले, मग तो एका बाजूने बसला, मग चुरमुरत आत आत ओढला गेला. पृथ्वीच्या अकरा पट रुंद असलेला ग्रह बुधाएवढा झाला. मामा म्हणाला, "हा मग बुध समज." धाकटा म्हणाला, "बुध आहे आपल्याकडे." बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग खोक्यातून प्लूटो काढला आणि त्याच्यावर कागदाचे थर चिकटवून त्याला गुरूपदाला पोचवलं.

थर्माकोलचं आणि आपलं नातं तसंही जुनं आणि गुंतागुंतीचं. गणपतीच्या मखरांसाठी आपण वर्षानुवर्षं ते कोरलं. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर आणि सजावटीवर बंदी आणली. त्यानंतर शाळांच्या सूचनांमध्ये 'पर्यावरणपूरक साहित्य वापरावे' ही ओळ ठळक अक्षरांत येऊ लागली. थोरलीच्या वर्गात 'प्लॅस्टिकमुक्त वसुंधरा' या विषयावर सुंदर सुंदर तक्ते आले होते. पावसाळा असल्यामुळे सगळे प्लॅस्टिकच्या कव्हरात होते.

आता चिकटवण्याकडे येऊ. फेव्हिकॉलची बाटली आमच्याकडे कायम असते, पण ती उघडेल तर शपथ. टोपण फिरत नाही, फिरलंच तर बाटलीही बरोबर फिरते. सांडशीत धरून, गरम पाण्यात बुडवून ते एकदाचं सुटलं की खाली त्या निमुळत्या तोंडात वाळलेल्या फेव्हिकॉलचा पारदर्शक खुंटा बसलेला दिसतो. त्यात टाचणी घालायची. टाचणी आत जाते. बाहेर येत नाही. मग बाटलीचं बूड दाबत टाचणी गोल फिरवत राहायचं, तोवर मुलगा शेजारी पुठ्ठा उघडा धरून उभा, आणि अचानक फट्‌ आवाज होऊन तो खुंटा, टाचणी आणि अर्धी वाटी फेव्हिकॉल असं सगळं एकदम पुठ्ठ्यावर. आमच्या लहानपणी मैद्याची खळ होती. कीड लागू नये म्हणून बाइंडर लोक तिच्यात मोरचूद घालायचे, आई घालायची नाही, त्यामुळे माझ्या भूगोलाच्या वहीतला महाराष्ट्र झुरळांनी कोकणाकडून खायला घेतला होता. पण खळीचं पातेलं उघडायला सांडशी लागत नसे, एवढं खरं.

चमकीबद्दल कमी बोललेलं बरं. ती एकदा घरात आली की घराची होते. कणकेत सापडते, देव्हाऱ्यात सापडते. नवरा एका गंभीर मीटिंगला कपाळावर चमकी घेऊन जाऊन आला आणि संध्याकाळपर्यंत त्याला कुणी सांगितलं नाही. त्याहून वाईट म्हणजे चिकटवायचे हलते डोळे. एका पाकिटात पुष्कळ येतात आणि लागतात फक्त दोन, बेडकाला. उरलेले धाकट्याने फ्रिजला, गॅसच्या सिलिंडरला आणि आजीच्या चष्म्याच्या घराला लावले. सिलिंडर संपत आला की जास्तच केविलवाणा बघतो.

हाताने शिकावं हा विचार काही आजचा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिचा गाभाच हा की हस्तोद्योगातून शिक्षण व्हावं. पुढे कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला आणि तो आपल्या वेळापत्रकात काडेपेट्यांच्या सोफ्याच्या रूपाने आला. पण ते हात कुणाचे, याचा खुलासा कुठेतरी राहून गेला असावा. आज रात्री अकरा वाजता कुठल्याही सोसायटीच्या खाली उभं राहून वर बघावं. ज्या खिडक्यांत दिवा आहे तिथे एक आई कात्री चालवते आहे, एक बाबा पट्टीने रेघा मारतो आहे आणि ज्याच्या हाताला वळण लागायचं तो विद्यार्थी झोपला आहे.

माझी एक मैत्रीण प्राथमिक शाळेत शिकवते. तिला प्रकल्प नुसता बघून कळतं. "बाबांनी कापलेलं सरळ असतं, आईने कापलेलं सुबक असतं आणि मुलाने कापलेलं वाकडं असतं," ती म्हणते. "वाकडं हल्ली येतच नाही गं. आलं तर मी पूर्ण मार्क देते." तिच्या बाजूनेही बघायला हवं. सगळ्या वर्गाचे ज्वालामुखी एका कपाटावर रचून ठेवायचे, त्यांतला एखादा कुणीतरी मधल्या सुट्टीत पेटवून बघणार, आणि परीक्षेनंतर ते टाकायचे तर दारात आई उभी, 'मॅडम, तो आमचा परत मिळेल का?' म्हणून.

अरविंद गुप्तांचं काम पुण्यात राहून माहीत नाही असा पालक विरळा. आयुकाच्या आवारातल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली, आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुन्या चपला, काहीही घ्यावं आणि त्यातून विज्ञान काढावं; २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी कचऱ्यातून खेळणी केली. आमच्या घरात खेळण्यांच्या आशेवर कचरा झाला. फरक असा, की त्यांच्याकडे वस्तू हातात आली की तिचं लगेच काहीतरी होतं, आमच्याकडे ती 'लागेल' म्हणून थांबते.

आणि जिथे खरोखर बांधकाम होतं तिथे हा साठा कुणी विचारत नाही. दिवाळीची सुट्टी लागली की सोसायटीतली सगळी पोरं जिन्याच्या कोपऱ्यात किल्ला करतात. विटा बिल्डिंगच्या मागून येतात, गोणपाट वाण्याकडून, माती कुठून येते ते माळीकाकांनी विचारू नये. वरून मोहरी पेरायची, ती दोन-तीन दिवसांत हिरवीगार उगवते. कुंभाराकडचे मावळे, सिंहासनावर महाराज, पायथ्याशी मावळ्यांपेक्षा मोठा एक वाघ आणि गेल्या वर्षी तटाजवळ एक जेसीबी. कुणी बाई तपासत नाही, ग्रुपवर आठवण येत नाही. मी एकदा खोक्यातली सोनेरी कार्डशीट घेऊन खाली गेले होते, भगव्याच्या काठीला लावायला. थोरली म्हणाली, "आई, नको. तू घरी जा." माझी पिठाची चाळणी मात्र घेऊन गेले होते सगळे, माती चाळायला. हल्ली बाजारात तयार किल्लेही मिळतात, आणून ठेवला की झालं. ते बघून मला आमच्या पोरांच्या वाकड्या बुरुजाचा अभिमान वाटतो, चाळणी गेली तरी.

तेव्हा शाळांना हात जोडून विनंती आहे. साहित्याची यादी शुक्रवारी द्या, म्हणजे शनिवार-रविवार बाजार उघडा असतो. आणि 'पालकांच्या मदतीने' हे दोन शब्द सूचनेतून काढून टाका. मुलं वाकडं कापतील, कापू द्या.

हे होईपर्यंत आपण आपसांत देवाणघेवाण करू. आमच्याकडे सध्या आइसक्रीमच्या काड्या, नारिंगी कार्डशीट, भरपूर बैलगाड्या आणि हलत्या डोळ्यांचं एक न फोडलेलं पाकीट आहे. कुणाला हवं असेल तर रात्री दहानंतरही खुशाल बेल वाजवा, आम्ही जागेच असतो. फक्त येताना हिरवा क्रेप घेऊन या. उद्या वृक्षदिंडी आहे, आत्ताच कळलं.