देवदूतांचा परवाना

गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन सिंगल माल्ट व्हिस्की पिंपात मुरते. मुरता मुरता थोडी उडूनही जाते. स्कॉटलंडात वर्षाला साधारण २ टक्के, गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. जाणकार याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. हरकत नाही, आमच्याकडेही राखणदाराला बाटली लागते.

पण हे देवदूत झुलत झुलत रत्नागिरीकडे आले तर? १९४९च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, तोही प्रकृतिस्वास्थ्यासाठी. तेव्हा सीमेजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्यांच्या डिक्यांबरोबर आभाळही तपासावे. पंखधाऱ्यांकडून पंचविशी ओलांडल्याचा दाखला घ्यावा.

इकडे काजूची बोंडं बागेतच आंबून जातात. त्यांवर माश्या बसतात. त्यांच्या वयाची चौकशी अद्याप सुरू झालेली नाही.