आधी कोर्ट दाखवा

अरब देशात कुठे लोक रस्त्यावर उतरले, की पोलादपूरच्या एसटी स्टँडपासून दिल्लीच्या स्टुडिओपर्यंत एकच प्रश्न तयार असतो : यातून स्वातंत्र्य येणार की मुल्लाराज? विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ एवढं म्हणायची सोय हवी असते.

मुळात हा प्रश्न हुकूमशहांनीच पढवलेला. होस्नी मुबारक यांनी इजिप्तवर जवळपास ३० वर्षं राज्य केलं ते याच धाकावर : मी नको असेन, तर मुस्लिम ब्रदरहूड घ्या! फेब्रुवारी २०११ मध्ये ते गेले. २०१२ च्या निवडणुकीत ब्रदरहूडचे मोर्सी आले आणि ३ जुलै २०१३ रोजी लष्कराने त्यांना उचललं. स्वातंत्र्य नाही, मुल्लाराज नाही, पुन्हा वर्दीच. ट्युनिशियात त्याहून गंमत. एन्नाहदा हा इस्लामवादी पक्ष २०११ ची निवडणूक जिंकला आणि २०१४ मध्ये नवी राज्यघटना मंजूर करून सरकारातून बाहेर पडला. मग २०२१ मध्ये संसदेला कुलूप कोणी लावलं? कोणा मौलवीने नव्हे. राज्यघटना शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या कायस सईद या प्राध्यापकाने!

महाडकराला यात नवल वाटू नये. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांबरोबर अस्पृश्य मानलेले लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नगरपालिकेने तळं त्यांना १९२४ सालीच कागदावर खुलं केलेलं होतं. मागणी पाण्याची होती. पण थोड्याच वेळात आवई उठली : आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार! धर्म धोक्यात आला आणि परिषदेच्या पंगतीत बसलेल्यांवर काठ्या पडल्या. हक्काच्या भांडणाला धर्माचं भांडण करून टाकलं, की फायदा तळ्यावर बसलेल्याचा होतो. हे कैरोला कळायच्या आधी महाडला कळलं होतं.

त्या दिवशी मार खाणाऱ्यांपैकी काहींना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. डिसेंबरच्या परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा मंडप पडला फत्तेखान यांच्या जमिनीवर. मुसलमानांना स्वातंत्र्य पचेल का, असं विचारणाऱ्यांनी महाडचं स्वातंत्र्य कोणाच्या जमिनीवर उभं राहिलं ते आधी बघावं.

पण महाडची खरी गोष्ट लोक उठले इथे संपत नाही. नगरपालिकेने कच खाल्ली आणि ऑगस्टमध्ये आपलाच ठराव मागे घेतला. सनातन्यांनी डिसेंबरात कोर्टातून मनाई आणली. हजारो माणसं जमलेली असताना बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह थांबवला आणि दावा लढवला. त्याच परिषदेत फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रसभेचा दाखला दिला गेला आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गं. नी. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. एका हाताने कोर्टाचा मान राखला, दुसऱ्या हाताने ग्रंथाचा हुकूम मोडला. निकाल लागला तो १७ मार्च १९३७ ला : अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झाली नाही, असं मुंबई हायकोर्टाने म्हटलं. कोर्ट गोऱ्या साहेबाचं होतं, हे खरं. पण होतं.

कोर्ट कैरोतही होतं. १९९५ मध्ये, ‘मुल्लांना रोखणाऱ्या’ मुबारक यांच्याच राज्यात, नस्र अबू झैद या प्राध्यापकाला त्यांच्या लिखाणावरून कोर्टाने धर्मभ्रष्ट ठरवलं आणि त्यांचं लग्नही मोडीत काढलं. नवराबायकोला देश सोडावा लागला. महाडच्या खटल्यात कोर्टाने रूढीचा पुरावा मागितला, कैरोत माणसाच्या श्रद्धेचा. फरक इथे आहे, दाढीच्या लांबीत नाही.

आखातातल्या पगारावर महाड-म्हसळ्यातली कितीतरी घरं उभी राहिली. तिथल्या शेखांना मात्र ‘स्वातंत्र्य की मुल्लाराज’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. २०११ मध्ये बहरीनमध्ये लोक उठले, तेव्हा शेजारून सौदी फौजा आल्या आणि मामला आटोपला. त्या शांततेला आपण स्थैर्य म्हणतो!

आता सीरियात असद गेले आणि एकेकाळचे जिहादी अहमद अल-शरा गादीवर बसले. पुन्हा तोच प्रश्न सुरू. त्यांच्याबद्दल शंका घ्याच, पण नेमकी घ्या : तिथला माणूस धर्मग्रंथाविरुद्ध जाहीर बोलून रात्री घरी सुखरूप पोचेल का? सरकारवर दावा लावून जिंकेल का? दोन्हीला ‘हो’ असेल तर ते स्वातंत्र्य. एकालाही ‘नाही’ असेल, तर गादीवर फेटा आहे की टोपी, याने काही बिघडत नाही. आणि हेच दोन प्रश्न अधूनमधून आपल्याकडेही विचारत चला.